ओलं धोतर आणि फितूर पाय

माझे पाय फितूर झाले ते मेथीच्या वाफ्यात नव्हे, घरातल्या गुळगुळीत फरशीवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या मळ्यात अजून माणसं सांगतात की म्हातारा बांधावरून घसरला आणि तिथून सगळं सुरू झालं. खोटं आहे. बांधावरून मी उभ्या जन्मात घसरलो नाही.

मी चौथीत शाळा सोडली. मास्तरांनी छडी मारली म्हणून सोडली आणि परत गेलो नाही तो माझ्या हट्टानं. वडील दोनदा ओढत घेऊन गेले, दोन्ही वेळा मी मागच्या दारानं मळ्यात परत. तेव्हा लिहिणं माझं काम नव्हे. पण माझ्याबद्दल माझ्याच घरातली माणसं वेगळंच सांगत फिरली, म्हणून माझी बाजू माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, गोष्ट सरळ आहे.

नाशिक शहर आता आमच्या कुंपणाला येऊन टेकलंय. शेजारी इमारत झाली, तिच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बाया आमची कोथिंबीर बघतात आणि वरूनच विचारतात, "बाबा, आज काढणार का?" मेथी, कोथिंबीर, शेपू, दसऱ्याला थोडा झेंडू. एवढाच आमचा पसारा. त्यात माझं काम एकच, पाणी. विहिरीचं पाणी दंडानं, म्हणजे मातीच्या पाटानं येतं. वाफ्याचं तोंड फावड्यानं उघडायचं, वाफा भरला की मातीचं ढेकूळ दाबून तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. ह्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. दिसायला सोपं. पण एक हात जास्त पाणी झालं तर कोथिंबीर पिवळी पडते आणि कमी झालं तर ती कडू होऊन फुलावर येते. माझ्या हाताखाली कधी पिवळी पडली नाही. लोक म्हणायचे, ह्या माणसाचं पाणी ऐकतं.

आणि त्याच माणसाचं एक दिवस पाय ऐकेनात.

सकाळी खाटेवरून उठलो, उभा राहिलो, आणि पाऊल उचलेना. दुखत नव्हतं. बधिर नव्हतं. नुसतं चिकटलं होतं. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर चप्पल रुतते ना, तसं. पण खाली माती कुठं होती? पोरानं हौसेनं बसवलेली पांढरी फरशी. मी त्या पायाला मनात शिवी दिली तेव्हा तो एकदाचा निघाला, तोही फरशी घासत. मग लहान लहान पावलं, पाय फाकवून, जसं काही दोन पायांच्या मधे बादली धरली आहे. वळायचं झालं की पंचाईत. देवघराच्या दारात वळायला मला बैलगाडी वळवायला लागते तेवढी जागा लागायला लागली.

चहाच्या टपरीवर लोकांना फुकटची करमणूक झाली.

"काय नाना, बदकाची चाल कुठं शिकले?"

"आरं, नानांनी सकाळीच घेतलेली दिसतीय!"

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही आणि हे सगळ्या टपरीला ठाऊक. मी म्हणालो, "घेतली असती तर तुझ्यापेक्षा सरळ चाललो असतो." ते हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून टपरीवर जाणं बंद केलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून बसलो होतो. पण ते सोडलं तर बाकीच्या गोष्टीला काही अर्थच राहत नाही. पाय चिकटायला लागल्यावर काही महिन्यांनी लघवीचा ताबा सुटायला लागला. घाई झाली हे कळायचं, पण पाय निघेपर्यंत उशीर व्हायचा. आधी कधीतरी, मग वरचेवर. ज्या माणसानं पुढे चाललेलं पाणी हाताच्या एका ढेकळानं थांबवलं, त्याला स्वतःचं पाणी थांबवता येईना.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगणारही नव्हतो. मी त्यावर माझा उपाय काढला. धोतर ओलं झालं की सरळ मोटार चालू करायची आणि दंडात जाऊन उभं राहायचं, गुडघ्याच्या वरपर्यंत भिजेल असं. दारं धरणारा माणूस भिजलेलाच असतो. जन्मभर मी ओल्या धोतरानं घरी आलो, कोण विचारणार? आल्यावर धोतर दारामागच्या बादलीत टाकायचो आणि बायको ते धुवायची. ती एका शब्दानं काही बोलली नाही. मी मनात म्हणायचो, बघ, जमलं.

एवढंच की त्यासाठी रोज पाणी सोडावं लागायचं. लागो न लागो.

कोथिंबीर पिवळी पडली. मुळं कुजली. पोरगा बांधावर उभा राहून बघत होता. तो शहाणा आहे, बाजाराचं सगळं तोच बघतो, पण त्याला माझ्याशी बोलताना आवाज खाली ठेवायचं वळण होतं. त्या दिवशी ठेवलं नाही.

"नाना, परवाच भरलं होतं की वो हे!"

"सुकलं होतं."

"सुकलं? चिखल हाय तिथं! काल पण भरलं, आज पण भरलं. तुमच्या ध्यानात नाय का राहत?"

मी काय सांगणार होतो? दोनच उत्तरं होती. एक म्हणजे मी विसरलो, आणि दुसरं खरं. दुसरं मी मरेपर्यंत तोंडातून काढणार नव्हतो. मी म्हणालो, "मला शिकवू नको," आणि फावडं खांद्यावर टाकून चालू लागलो, म्हणजे चालायला लागलो असं दाखवलं. पाय निघायला वेळ लागला आणि पोरगा माझ्या पाठीमागून ते सगळं बघत उभा राहिला.

खोटं बोलणार नाही, काही गोष्टी तेव्हा निसटतही होत्या. विळा कुठं ठेवला, व्याही काय बोलून गेला, असलं. डोकं जड, आणि समोरच्याला उत्तर द्यायचं ते उशिरा यायचं, जसं लांबच्या विहिरीचं पाणी. पण पाणी दिल्याचं मी कधी विसरलो नव्हतो. पाणी मी जाणूनबुजून दिलं होतं. आणि नेमकं त्याच्यावरूनच माझं डोकं फिरलं असं ठरलं.

पोरगा मला जवळच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. तो डॉक्टर माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा पोराला.

"जेवण करतात का?"

"करतात."

"माणसं ओळखतात का?"

मी म्हणालो, "तुला नाय ओळखत. बाकी सगळ्यांना ओळखतो."

पोरानं माझ्या मांडीवर हात दाबला. डॉक्टर हसला आणि त्यालाच म्हणाला, "वयामुळं होतं. विसरभोळेपणा आहे. गोळ्या देतो, पण फार काही अपेक्षा ठेवू नका." मला चालून दाखवा असं तो म्हणाला नाही. लघवीचं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असंही नाही म्हणा. पण विचारायचं तर खरं.

त्या गोळ्यांनी काही झालं नाही. झालं ते वेगळंच. टपरीवाल्याचा भाऊ एक दिवस शेपू न्यायला आला आणि मला जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलतात तसं म्हणाला, "नाना, बरं वाटतंय ना आता? पोरगा म्हणत होता, तुमचं डोकं आता चालत नाय म्हणून." माझ्या पोरानं बाजारात सांगितलं होतं. जिथं माझा माल लोक न तपासता उचलायचे, तिथं.

त्यानंतर महिन्याभरात ठिबक आलं. वाफे मोडले, दंड बुजवला, काळ्या नळ्या अंथरल्या. पाणी थेंबाथेंबानं मुळाशी, माणसाचं कामच नाही. आणि मोटारीच्या पेटीला कुलूप. मी सकाळी गेलो, पेटीवर झाकलेल्या फाटक्या पिशवीखाली हात घातला, तर हाताला कुलूप लागलं. पोराला विचारलं.

"चावी?"

"माझ्याकडं हाय. तुम्ही आता आराम करा."

"मी मागितला का आराम?"

"नाना, किती पीक गेलं माहीत हाय का तुम्हाला?"

मला माहीत होतं. त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तिथंच विहिरीच्या कठड्याला टेकून बसलो. दंड बुजवलेल्या जागी माती अजून ओलसर होती, तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकाची नक्षी उमटली होती. माझी लाज झाकायला आता मळ्यात एक ओंजळ वाहतं पाणी नव्हतं.

मग मी पाणी प्यायचं सोडलं. चहा सोडला. बायको तांब्या ठेवून जायची, मी खिडकीतून बाहेर ओतायचो. बाहेर जाणं, लग्नकार्य, सगळं बंद. तरी व्हायचं ते व्हायचं, तेव्हा हौदापाशी जाऊन अंगावर बादली ओतून घ्यायचो आणि म्हणायचो, लय उकडतंय. हिवाळ्यातही उकडतंय. एकदा तिथंच ओल्यात पाय चिकटला, धड पुढे गेलं आणि पाय मागे राहिले. कोपर फुटलं. मी पडल्यावर सगळ्यांत आधी काय बघितलं असेल? बादली अंगावर ओतून झाली होती का ते. झाली होती. सांडलेल्या पाण्यात मी पडलो होतो. चला, म्हटलं, निभावलं.

कोपराची पट्टी सुटली आणि एक दिवस बायको म्हणाली, "अहो, वणीला जाऊन येऊ. देवीला लय दिवस झाले. आता तर गडावर पायऱ्या पण चढायला लागत नाय, वर न्यायला गाडी झालीय."

मी आधी नाही म्हणालो. मग ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी चला." इतक्या वर्षांच्या संसारात ती असं कधी म्हणाली नव्हती. मी दाढी केली, नवी टोपी घातली. पिशवीत नारळ, ओटीचं सामान तिनं घेतलं. आत दोन धोतरं एकावर एक नेसलो, प्रवासात काही झालं तर असावं म्हणून. पोरानं गाडी काढली. मी पुढे बसलो, नारळाची पिशवी मांडीवर.

दिंडोरी रोडला वळायच्या ठिकाणी गाडी वळली नाही.

"आरं, वळण गेलं!"

पोरगा समोर बघत गाडी चालवत राहिला. मी मागे बघितलं. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. गाडी शहरात शिरली, पुलावरून गेली, सिग्नलला थांबली आणि मग एका मोठ्या दवाखान्याच्या आवारात जाऊन उभी राहिली. लाकडी बाकड्यावर मी ती नारळाची पिशवी मांडीवर धरून बसलो. आजूबाजूच्या बाया बघत होत्या, कोणीतरी विचारलंसुद्धा, "बाबा, कोणाला बघायला आले?"

मी बायकोला म्हणालो, "देवीच्या नावानं फसवलंस."

ती म्हणाली, "सांगून आले असते का तुम्ही?"

"नसतो आलो."

"मग?"

ह्या "मग"ला माझ्याकडे आजही उत्तर नाही, पण म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पोरानं चावी घेतली ती उजळ माथ्यानं, समोर उभं राहून घेतली. हिनं देवी मधे घातली.

ही मेंदूची डॉक्टर बाई होती. वयानं माझ्या लेकीएवढी. पहिली गोष्ट, ती माझ्याशी बोलली. "बाबा, मला जरा चालून दाखवा." मी म्हणालो, "माझ्या चालण्याचं काय बघता, मी काय नवरी मुलगी आहे?" ती हसली, पण उठून बाजूला उभी राहिली. लांबलचक वऱ्हांडा होता. मला चालता आलं नाही. म्हणजे चाललो, पण एवढ्या माणसांसमोर फरशी घासत, बदकासारखा, आणि वळताना भिंत धरून. ती नुसतं माझ्या पायांकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती हे बरं केलं.

खोलीत आल्यावर तिनं विचारलं, "आधी काय सुरू झालं? विसरणं की चालणं?"

"चालणं."

"लघवीवर ताबा आहे ना?"

"आहे."

तेव्हा बायको बोलली. बोलली म्हणजे तिच्या तोंडून फुटलंच ते. "खोटं बोलतात हे. दोन वर्षं झाली. धोतर ओलं झालं की दंडात जाऊन उभे राहायचे, मुद्दाम. मोटार चालू करून. म्हणून तर कोथिंबीर गेली सगळी. ते काय विसरत नव्हते, बाई. आता पाणी नाय म्हणून बादली ओतून घेतात अंगावर. मी धुते ना धोतर. मला वास येतो."

 पोरगा माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, कोथिंबीर का पिवळी पडली ते, आणि मला कळलं की हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षं. मी रोज संध्याकाळी जमलं म्हणून मनात खूश व्हायचो आणि ही मोरीवर बसून माझ्या धोतराचा वास घ्यायची. पोरगा बाजारात माझं डोकं गेलं म्हणून सांगत होता तेव्हाही हिला माहीत होतं की डोकं गेलेलं नाही. तेव्हा ती गप्प राहिली. आणि बोलली ती इथं, परक्या बाईसमोर, पोरासमोर. मला उठून जायचं होतं. उठलोही. पाय चिकटले. फितूर म्हणतात ते याला. घरचं माणूस उलटलं तेव्हा पायांनीही त्यांचीच बाजू घेतली.

डॉक्टर बाईनं खुर्ची माझ्या जवळ ओढली. ती म्हणाली, "बाबा, आता मला नीट कळलं. चाल बिघडणं, लघवी, आणि डोकं मंद होणं, तिन्ही एकत्र आलं की एका आजाराचा संशय घ्यावा लागतो. वयामुळं होतं म्हणून लोक सोडून देतात. पण ह्यावर काही वेळा उपाय असतो. आधी डोक्याचा फोटो काढू."

त्या बोगद्यासारख्या मशिनमधे मला घातलं, कानात ठोकाठोकी ऐकत पडलो. फोटो लावून तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डोक्यात आत पोकळ्या असतात, त्यात पाणी असतं. ते रोज नवं तयार होतं आणि रोज जिरून जातं. म्हातारपणी काहींचं ते जिरेनासं होतं. मग पोकळ्या फुगतात आणि आजूबाजूचा मेंदू ताणला जातो. पाय चालवणारे, लघवी धरणारे धागे तिथून जवळून जातात, म्हणून आधी त्यांच्यावर येतं. गंमत अशी की सुई घालून दाब मोजला तर तो साधारणच निघतो, म्हणून हा आजार लवकर सापडत नाही.

मी म्हणालो, "म्हणजे दंड तुंबला आणि वाफा फुगला."

"हो."

"मग मूळ कुजलं असेल."

तिनं फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "किती कुजलं आणि किती फक्त ताणलंय, ते बघायची एक पद्धत आहे. पाठीतून थोडं पाणी काढू आणि मग तुम्हाला परत चालवू. फरक पडला तर ऑपरेशनचा फायदा होईल असं धरता येतं. न पडला तर मात्र सांगता येत नाही."

मला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं, आईच्या पोटातलं पोर असतं तसं. कमरेत सुई. थोडं पाणी काढलं. ते मला दाखवलं, काचेत, स्वच्छ, विहिरीच्या नव्या झऱ्यासारखं. दुपारी पडून होतो. मग नर्स आली, "चला बाबा, चालायचं."

मी सवयीनं आधी पायाला शिवी दिली. शिवीची गरज नव्हती. पाऊल उचललं. फरशी सुटली. दुसरं उचललं. मी वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथं वळायचं होतं, पण मी वळलो नाही. सरळ गेलो. जिना होता, रेलिंग धरून उतरलो. नर्स मागून ओरडतेय, "बाबा, अहो बाबा!" दारातल्या वॉचमननं अडवलं.

"कुठं निघाले बाबा?"

"घरी. मळ्यात."

"कागद दाखवा."

"पाय दाखवतो, चालेल का?"

तोपर्यंत डॉक्टर बाई धावत आली. दम लागला होता तिला. मी म्हटलं आता ओरडणार. ती हसायलाच लागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही मला हवं होतं त्यापेक्षा जास्त दाखवलंत." बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, तोंडाला पदर लावून. मी तिच्याकडे बघितलं नाही.

घरी चार दिवस मी माणसासारखा चाललो. टपरीवर गेलो, उभ्यानं चहा प्यायलो, बदकवाल्याच्या समोरून दोनदा गेलो. मग ते पाणी परत भरलं, आणि एका सकाळी पुन्हा तीच फरशी, तोच डिंक. डॉक्टर बाईनं सांगितलं होतं हे होणार म्हणून. तरी, दाखवून परत काढून घेणं ह्याच्यासारखी फसवणूक नाही. आधी मला वाटायचं म्हातारपण आहे. आता मला माहीत झालं होतं की आत पाय शाबूत आहेत.

ऑपरेशन म्हणजे डोक्यात बारीक नळी घालायची, ती कातडीखालून, कानामागून, मानेतून पोटात सोडायची. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि जिरतं. मधे नळाच्या तोटीसारखा एक वॉल, तो बाहेरूनच कमीजास्त करता येतो. बाईनं काही लपवलं नाही. सगळ्यांना गुण येतो असं नाही, चाल सुधारते तेवढी आठवण सुधारत नाही, आत रक्त साचू शकतं, नळी तुंबू शकते, जंतू होऊ शकतात.

पोरगा ओट्यावर बसून म्हणाला, "नाना, राहू द्या. ह्या वयात डोकं उघडायचं?"

"डोकं माझं हाय. चालत नाय म्हणून तूच सांगितलंस ना बाजारात? मग गेलं तर तुझं काय जातंय?"

त्यानं मान खाली घातली. "मला काय माहीत होतं, नाना. तुम्ही बोलले असते..."

"तू विचारलंस?"

तो ओट्याच्या कडेची माती नखानं खरडत बसला. मग मी म्हणालो, "मी तयार हाय. पण आधी पेटीची चावी दे."

"आता ठिबक झालंय. चावी घेऊन करणार काय?"

"ते माझं मी बघीन."

"नाना, तुम्ही काय पोरासारखं..."

आतून बायको बाहेर आली. तिनं पोरासमोर हात पसरला. "दे." त्यानं खिशातून काढून दिली. तिनं ती माझ्या हातात ठेवली. मी करदोट्याला गाठ मारली, तिथंच, तिच्यासमोर. तिच्याशी बोललो नाही.

ऑपरेशन झालं. डोक्याचे केस काढले, कानामागे एक टेंगूळ आलं ते अजून आहे, हात लावला की वॉल हाताला लागतो. पहिले काही दिवस डोकं दुखलं, बाईनं वॉल थोडा फिरवला, थांबलं. पाय मोकळे झाले, एकदम नाही, हळूहळू. लघवी बरीच आटोक्यात आली. विळा अजून सापडत नाही कधी कधी. तेवढं राहू द्या.

पहिल्यांदा एकटा मळ्यात गेलो तेव्हा सकाळ होती. काठी होती हातात, ती फक्त पायांना धाक म्हणून. पेटी उघडली, मोटार चालू केली. नळ्यांतून टिपटिप, टिपटिप. ह्या पाण्याला माझी गरज नाही, हे मला मान्य करावं लागलं, पिकं बरी दिसत होती. मग मी कडेच्या मोठ्या नळीच्या टोकाला गेलो, तिथं नळी धुऊन काढायचं झाकण असतं, ते उघडलं. पाणी भसकन आलं. जुना दंड जिथं होता तिथं, ट्रॅक्टरच्या खुणांवरून, ते आपोआप वाट काढत गेलं. मी चप्पल काढली आणि त्यात उभा राहिलो. धोतर चांगलं भिजू दिलं. वरच्या गॅलरीतून कोणी बाई म्हणाली, "बाबा, भिजाल ना!" मी म्हणालो, "भिजायलाच आलोय."

घरी आलो. धोतर दारामागच्या बादलीत टाकलं. बायको मोरीवर गेली. मी दारातच उभा राहिलो, वळलो नाही. तिनं धोतर उचललं, आणि पिळायच्या आधी, हात आपोआप वर गेला, नाकापाशी. मग तिला मी दिसलो.

"घे," मी म्हणालो. "नीट घे."

तिनं घेतला. खरंच घेतला, माझ्यासमोर. मग म्हणाली, "विहिरीचं पाणी हाय."

"दोन वर्षं का नाय बोललीस?"

ती धोतर पिळत राहिली. "तुम्ही बोलला असता का मग माझ्याशी परत?"

 तिनं धोतर झटकून दोरीवर टाकलं, त्याचे थेंब माझ्या पायावर पडले, आणि मी पाय बाजूला घेतला. एका झटक्यात निघाला तो.

तो नारळ अजून देवघरात आहे. परवा ती म्हणाली, देवीला जायचं राहिलंय. मी सांगितलंय, जाऊ. पण एस.टी.नं जाऊ, तुझ्या पोराच्या गाडीनं नाही, आणि खिडकीशी मी बसणार. दिंडोरीचं वळण मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.